मेंदूची राखण आणि आपला वाटा

(हिंगोली येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्या एका परिचारिकेने केलेले भाषण)



कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या आंध आदिवासींच्या वस्त्यांवर काम करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. मूल पंधरा दिवसांपासून तापाने फणफणलेले असते, मान ताठ झालेली असते, डोळे वर जात असतात. डॉक्टर सांगतात, पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल. आणि बाप हात जोडून म्हणतो, "सिस्टर, पाठीत सुई घातली तर पोरगं जन्माचं लुळं पडंल, आम्ही घरी नेतो."

त्या बापाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो जे म्हणतो त्यात एक समज आहे. पाठीच्या कण्यात काहीतरी नाजूक आहे, त्याला धक्का लागता कामा नये, हे त्याला ठाऊक आहे. ते खरेच आहे. म्हणून आज मी ठरवले, की आपल्या शरीराने मेंदू आणि मज्जारज्जू यांची राखण कशी केली आहे आणि त्यांना अन्नपाणी कसे पोहोचते, हेच आपल्यापुढे मांडावे. त्यातूनच आपल्या मदतीचा पैसा कुठे कामी येतो तेही कळेल.

हाड, पडदे आणि पाणी

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, आणि हाताला लोण्यासारखा मऊ. त्याच्याभोवती आठ हाडे एकमेकांत घट्ट बसवून केलेली पेटी आहे. तीच कवटी. मेंदूतून खाली जाणारा मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांब असतो. तो मणक्यांच्या पोकळीतून जातो. माळेतल्या मण्यांतून दोरा ओवावा तसा. म्हणून पाठ वाकते, वळते, ओझे उचलते, आणि आतला दोरा मात्र सुरक्षित राहतो.

तान्ह्या बाळाची कवटी अजून जुळलेली नसते. डोक्याच्या पुढच्या भागी मऊ जागा लागते, तिला आपण टाळू म्हणतो. आपल्या घरांतून आजीबाई रोज तेलाने टाळू भरतात. ही टाळू साधारण दीड वर्षापर्यंत बुजते. तोवर तिच्याकडे बघून बरेच कळते. हगवण लागून बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले की टाळू खोल जाते. मेंदूभोवती सूज आली की ती फुगून वर येते. बाळ शांत असताना, मांडीवर उभे धरलेले असताना टाळू फुगलेली आणि ताठ दिसली, तर घरी थांबायचे नाही. आमच्या बैठकांत आम्ही हे आजीबाईंनाच शिकवतो, कारण टाळूवर रोज हात त्यांचाच असतो.

हाडाच्या आत तीन पडदे आहेत. बाहेरचा पडदा जाड आणि चिवट, मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा, आणि आतला इतका तलम की तो मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून चिकटलेला असतो. या पडद्यांना संसर्ग होऊन सूज आली म्हणजे जो आजार होतो, त्याला आपण मेंदूज्वर म्हणतो. खुद्द मेंदूला सूज आली तरी गावात नाव तेच.

मधल्या आणि आतल्या पडद्यांच्या दरम्यान पाणी असते. पुस्तकात त्याला प्रमस्तिष्क मेरुद्रव म्हणतात. आपण मेंदूचे पाणी म्हणू. विहिरीत पोहायला शिकवताना मोठ्या मुलालाही एका हातावर सहज पेलता येते, कारण पाणी त्याचा भार घेते. मेंदूचेही तसेच. चौदाशे ग्रॅमचा मेंदू या पाण्यात जेमतेम पन्नास ग्रॅमचा असल्यासारखा तरंगतो. नाहीतर तो आपल्याच वजनाने तळाशी दबला असता आणि प्रत्येक ठेचेला हाडावर आपटला असता.

हे पाणी मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असते, म्हणजे चहाच्या एखाद्या मोठ्या कपाएवढे. पण शरीर ते दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार करते. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत ते पाझरते, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती फिरते आणि पुन्हा रक्तात जाऊन मिळते. दिवसातून तीन-चार वेळा सगळे पाणी बदलते.

आता त्या बापाच्या प्रश्नाला उत्तर देता येते. मज्जारज्जू कमरेपर्यंत पुरत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळात किंचित खाली. त्याच्या खाली पाण्यात नुसत्या नसांचे सुटे धागे लोंबत असतात, आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. डॉक्टर सुई तिथेच घालतात. जर्मनीत हाइनरिश क्विंके या डॉक्टरांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. तेव्हापासून जगभर ती वापरली जाते. काढतात ते थोडेसे मिलिलिटर, आणि तेवढे शरीर काही तासांत भरून काढते. सुई घालण्याआधी डोक्यात दाब वाढलेला नाही ना, हे डॉक्टर तपासून घेतात. मूल लुळे पडते ते सुईने नाही. उपचाराविना राहिलेल्या आजाराने पडते. सुई उशिरा झालेली असते, म्हणून दोष तिच्यावर येतो.

वेशीवरचा पहारा

हाड, पडदे आणि पाणी हे बाहेरच्या धक्क्यापासून वाचवतात. पण रक्तातून येणाऱ्या विषाचे काय?

१८८५ च्या सुमारास जर्मनीतच पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. काळीज, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगले. मेंदू मात्र पांढरा राहिला. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी तोच प्रकार उलटा केला. रंग मेंदूच्या पाण्यात टोचला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. याचा अर्थ, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे आहे. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की मधून फट राहत नाही. जुन्या गावांना वेस असायची आणि वेशीवर पहारा असायचा, तसे हे आहे. प्राणवायू सरळ आत जातो. साखरेला आत नेणारे खास वाहक आहेत. बहुतेक जंतू, बहुतेक विषे आणि बरीचशी औषधेसुद्धा बाहेरच थांबतात. दारूला मात्र हा पहारा अडवत नाही. ती थेट आत शिरते, आणि आईने घेतलेली दारू पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंतही पोहोचते.

या पहाऱ्याचे आपल्या भागातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दंश फारसा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. माणूस निपचित पडतो. डोळा उघडत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. घरचे समजतात, संपले.

पण मण्यारीचे विष मेंदूच्या वेशीतून आत जात नाही. ते नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करते. म्हणजे आतला माणूस बऱ्याचदा जागा असतो. भोवती चाललेली रडारड त्याला ऐकू येत असते. फक्त बोट हलवता येत नाही. अशा माणसाला वेळेवर सर्पविषाची लस मिळाली आणि श्वास चालू राहण्यासाठी यंत्र लावले, तर काही दिवसांनी तो उठून बसतो, शहाणासुरता आणि पूर्वीसारखा. मध्ये श्वास थांबला आणि कोणी तो चालू ठेवला नाही, तर मात्र मेंदू जातो. विषाने नव्हे, प्राणवायूच्या अभावाने. म्हणून सर्पदंश झाला की बांधाबांध, कापाकापी करायची नाही, देवस्थानाकडे वेळ घालवायचा नाही. त्याला चालवायचे नाही. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय, आणि गरज पडली तर तिथून पुढे.

मेंदूची रसद

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण बसल्याजागी शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर रक्त त्याला लागते. आणि त्याच्याकडे कणगी नाही, साठवण नाही. रक्त पूर्ण थांबले तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार ते सहा मिनिटांत पेशी मरू लागतात.

म्हणून ही रसद चार वाटांनी येते. दोन मोठ्या धमन्या गळ्याच्या दोन बाजूंनी, आणि दोन मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून. कवटीच्या तळाशी या चारही एकमेकींना जोडून एक कडे तयार होते. इंग्लंडचे डॉक्टर टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. गावाच्या टाकीला एकाच पाइपऐवजी चार बाजूंनी पाइप आणून गोल जोडावेत, म्हणजे एक तुंबला तरी नळ कोरडे पडत नाहीत, तशी ही सोय आहे. कडे सगळ्यांमध्ये सारखे पुरे नसते, पण पुष्कळांना त्याने वाचवले आहे.

काही आजार वेशीच्या आत येतच नाहीत. ते पाइप तुंबवतात. फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियात जंतू असलेल्या रक्तपेशी मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसतात. मूल आधी तापते, मग झटके येतात, मग बेशुद्ध होते. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी आणि आतून अरुंद झालेल्या वाहिन्या यांच्यामुळे लहान वयातही अर्धांगवायू होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत हा आजार आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. तपासणी रक्ताच्या थेंबाची, पण त्यासाठी कुणीतरी वाडीवर जाऊन लोकांना गोळा करावे लागते.

पहारा मोडतो तेव्हा

इतकी राखण असूनही काही शत्रू आत शिरतात. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींवर घाला घालायचा. आपल्यापैकी अनेकांच्या पिढीत असा एखादा वर्गमित्र होता. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. धनुर्वाताचे विष तर वेशीने येतच नाही. जखमेपासून नसेच्या आतून चढत ते मज्जारज्जूपर्यंत जाते. गरोदरपणातल्या लशी आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशात आटोक्यात आला. ही दोन्ही कामे वाडी-वाडीवर पायी फिरून झाली आहेत, हे विसरू नये.

चांदीपुरा हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचले असेल. नागपूरजवळच्या त्या गावात १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला, म्हणून त्याला गावाचे नाव मिळाले. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना तो मेंदूज्वर झाला आणि त्यातली १८३ दगावली. महाराष्ट्रातही तेव्हा मुले गेली. तो वाळूमाशीमुळे पसरतो. ती डासाहूनही लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत वाढते. त्यावर लस नाही. भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर ठेवणे, फवारणी करून घेणे आणि तापात झटके आले की त्याच तासाला दवाखाना गाठणे, एवढेच हाती आहे.

आणि शेवटी टीबी. तो फक्त खोकल्याचा आजार आहे असे लोक समजतात. लहान मुलांत तो मेंदूच्या पडद्यांवरही बसतो. त्याची चाल हळू असते. दोन-तीन आठवडे बारीक ताप, मूल चिडचिडे, खेळत नाही, वजन उतरते, उलट्या होतात. मग डोके दुखते, डोळा तिरळा होतो, झटके येतात. पहिल्या दोन आठवड्यांत घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे. ते दोन आठवडेच मोलाचे असतात. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजीची लस मुख्यतः याच प्रकारच्या टीबीपासून बाळाला वाचवते. म्हणून घरी बाळंतपण झाले तर आमची पहिली चौकशी असते ती बीसीजीची.

मघाशी म्हटले, की वेशीवरचा पहारा औषधांनाही अडवतो. टीबीची काही औषधे मेंदूपर्यंत चांगली पोहोचतात, काही फारच थोडी. म्हणून फुफ्फुसाच्या साध्या टीबीला सहा महिने उपचार लागतात, तर मेंदूच्या टीबीला साधारण वर्षभर. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. पण वर्षभर दर महिन्याला कुणीतरी रोजगार बुडवून, एसटीचे भाडे खर्चून मुलाला तपासायला आणायचे असते. मूल तीन महिन्यांत खेळू लागते आणि घरच्यांना वाटते, झाले बरे. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला तर वाटेतच औषध संपते. बंधुभगिनींनो, आपल्या देणगीचे काम बहुधा इथे असते. औषध विकत घेणे हे तिचे काम नव्हे. ते औषध बाराव्या महिन्यापर्यंत त्या मुलाच्या पोटात जाईल हे पाहणे, हे तिचे काम आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट मुलींसाठी. पोटातल्या बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. बऱ्याच बाईला तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ती नळी नीट मिटायला फॉलिक आम्ल लागते, म्हणून ते आधीपासून अंगात असावे लागते. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर ते असते. पालेभाज्या, हरभरा, मूग यांतही असते. आपल्या मंडळीतल्या शिक्षिकांनी मुलींकडून ती गोळी समोर खाऊन घ्यावी, आणि लग्न झालेल्या मुलींना बाळाचा विचार सुरू होताच दवाखान्यातून फॉलिक आम्ल सुरू करायला सांगावे.

दुसरी, उचलण्याची. चिंचेवरून, विहिरीच्या काठावरून कुणी पडले की लोक चटकन त्याला बसवतात, झोळीत घालतात. झोळीत पाठ वाकते, आणि मोडलेला मणका आतल्या दोऱ्याला चिरतो. अशा माणसाला बसवू नका, पाणी पाजू नका. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून दाराची फळी किंवा पाट्या बांधलेली शिडी यांवर घ्या, आणि १०८ ला फोन करा. पडल्यानंतर वारंवार उलटी, वाढती झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी, असे काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. कवटीत वाढीव जागा नसते. आत रक्त साचले की ते मेंदूलाच दाबते. झटके येत असतील तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि न्या.

तिसरी, या दुरुस्तीहून स्वस्त गोष्टी. औषध लावलेली मच्छरदाणी नीट खोचून बाजेवर झोपले, तर मलेरिया आणि मण्यार दोन्हींपासून रक्षण होते. दुचाकीवर डोक्याला हेल्मेट असावे, मागे बसणाऱ्यालाही. आणि पुढे टाकीवर लेकराला बसवून जाणारा आपल्याच मंडळीतला भाऊ दिसला, तर त्याला थांबवून सांगा.

चौथी, सोबतीची. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मोठ्या उपचारासाठी नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे. पण वाडीवरून प्रथमच शहरात आलेल्या आईला केसपेपर कुठे काढायचा हेही ठाऊक नसते. तिला कुणी नीट बोलले नाही, की ती दुसऱ्या दिवशी मूल घेऊन परत जाते. हिंगोली-नांदेडमध्ये राहणाऱ्या कुटुंबांपैकी प्रत्येकाने वर्षातून एका रुग्णाच्या सोबतीची जबाबदारी घेतली, दोन वेळचा डबा दिला, डॉक्टरांचे म्हणणे तिच्या बोलीत समजावून सांगितले, तर पाठीत सुई घालण्याच्या वेळी तिच्याजवळ आपले माणूस असेल.

सोबतीसाठी नावे द्यायची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव, फोन आणि कोणता वार मोकळा आहे ते लिहावे. सध्या तीन मुले मेंदूच्या टीबीच्या उपचारावर आहेत, आणि पुढच्या महिन्यात त्यांना तपासणीला आणायचे आहे.